बाप पितो, मग पोरांचं काय करायचं?

ज्या घरात बाप पितो त्या घराबद्दल गावाचं एकच मत असतं: "आधी त्याची दारू सोडवा, मग पोरांचं आपोआप मार्गी लागेल." घरभेटी करताना हे वाक्य मला सरपंचांकडून, शाळेतल्या सरांकडून, पोरांच्या सख्ख्या आत्याकडूनही ऐकायला मिळतं. माझं म्हणणं याच्या अगदी उलट आहे. दारू सुटायला वर्षं लागतात, सुटलेली पुन्हा लागते. पोरगं मात्र तोवर थांबत नाही. या जूनला ते तिसरीत गेलं, पुढच्या जूनला चौथीत जायला हवं, आणि रोज संध्याकाळी त्याला भूक लागते. म्हणून बापाचं काम आणि पोराचं काम वेगवेगळं धरा. दोन्ही एकाच दिवशी सुरू करा, पण एकासाठी दुसरं अडवून ठेवू नका.

मी सोलापूर जिल्ह्यात एका संस्थेसाठी बालसंगोपन योजनेच्या, म्हणजे संकटातल्या मुलाच्या सांभाळासाठी दरमहा पैसे देणाऱ्या सरकारी योजनेच्या, घरभेटी करते. योजनेतल्या मुलांच्या घरी जायचं, शाळेत जायचं, पासबुक बघायचं, अहवाल लिहायचा, आणि नवीन मूल दिसलं की त्याचा अर्ज उभा करायचा. असं एखादं घर ज्यांना माहीत आहे, पण कुठून हात घालावा कळत नाही, अशा आई, आजी, मामा, शेजारीण, शिक्षक, अंगणवाडीताईंसाठी हे लिहिते आहे. कार्यालयं आणि बालसंगोपन योजना महाराष्ट्रातली, बाकी कायदा देशभर एकच.

आधी एक वही करा

पोराच्या जिवाला धोका नसेल तर पहिलं काम बघण्याचं. तुम्ही शाळेत असाल तर हजेरीपट काढा. आमच्याकडे बाजाराच्या दिवशी मजुरीचा हिशोब होतो, त्या रात्री घरात गोंधळ होतो आणि दुसऱ्या दिवशी पोरगं शाळेत नसतं. बाजाराच्या दुसऱ्या दिवसाच्या गैरहजेऱ्या लाल पेनाने खुणावून बघा, दोन-तीन महिन्यांतच चित्र समोर येतं. पोरगी पहिल्याच तासाला पेंगत असेल तर रात्री ती कुठं होती हे शोधा. मधल्या सुट्टीत खिचडी दुसऱ्यांदा घेऊन डब्यात भरणारी पोरगी ती धाकट्या भावासाठी नेत असते. आणि उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की ज्यांचे चेहरे उतरतात ती पोरं लक्षात ठेवा. शाळेतला पोषण आहार हेच त्यांचं दिवसातलं भरवशाचं जेवण असतं.

हे सगळं तारीख घालून लिहा. "बाप बेवडा आहे, घराकडे लक्ष नाही" असं लिहू नका. त्यातून बाप कळतो, पोराची अवस्था कळत नाही. असं लिहा: "मंगळवारी आणि बुधवारी संध्याकाळी चूल पेटली नाही, मुलगा आजीकडे जेवला. गुरुवारी शाळेत आला नाही. शुक्रवारी उजव्या दंडावर वळ दिसला, विचारल्यावर पडलो म्हणाला." अशी दोन पानं भरली की कार्यालयात कुणाला फारसं पटवून द्यावं लागत नाही. जोडीला जे कागद मिळतील ते ठेवा. पोलीस ठाण्यात आईने कधी अदखलपात्र तक्रार दिली असेल तर तिची प्रत, सरकारी दवाखान्याचे केसपेपर, बापाला पूर्वी व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं असेल तर तिथलं कार्ड, मुख्याध्यापकांचं पत्र. आया असे कागद फाडून टाकतात किंवा चुलीत घालतात. त्यांना सांगा, भांडण मिटलं तरी कागद ठेवा. घरात जपून राहत नसतील तर माहेरी ठेवा.

पोराशी बोलताना "तुझे पप्पा पितात का?" असं विचारू नका. ते बापाचीच बाजू घेणार, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. शुद्धीत असलेला हाच बाप त्याला खांद्यावर बसवून जत्रेला नेतो, हे त्याला आठवत असतं. विचारायचंच तर, काल रात्री कुठं झोपलास, सकाळी काय खाल्लंस, धाकटीला कोण सांभाळतं, असं विचारा. उत्तर आलं की वर्गासमोर हळहळू नका. बाजूला घेऊन एवढं सांगा: घरात होतं ते तुझ्यामुळे होत नाही, ते थांबवणं तुझं काम नाही, आणि रात्री भीती वाटली तर अमुक मावशीच्या घरी जायचं. "मी कुणालाच सांगणार नाही" असं वचन मात्र देऊ नका, कारण पुढे तुम्हाला सांगावं लागणार आहे.

याच ठिकाणी कायद्याचं एक कलम पाठ करून ठेवा. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 78 प्रमाणे दारू किंवा अमली पदार्थ आणण्या-नेण्यासाठी, विकण्यासाठी मुलाचा वापर करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. मुलाला दारू, गांजा, तंबाखू देणाऱ्यालाही कलम 77 खाली तेवढीच शिक्षा आहे. हातात दहा-वीस रुपये देऊन आठ वर्षांच्या पोराला क्वार्टर आणायला पाठवणं गावात कुणाला वावगं वाटत नाही. हे कलम बापापेक्षा गुत्तेवाल्याला ऐकवा, पोलीस पाटलांना सोबत घेऊन. त्याचा गुण लवकर येतो.

आई नको म्हणते तेव्हा

बहुतेक आया पहिल्या भेटीत नको म्हणतात. कारण एकच, "अर्ज केला तर सरकार पोरं घेऊन जाईल." या भीतीला हसू नका आणि खोटं आश्वासनही देऊ नका. खरं काय ते सांगा.

प्रत्येक जिल्ह्यात बालकल्याण समिती असते. एक अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यांत किमान एक बाई असावीच लागते. समितीला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत, पण तिथे पिंजरा नसतो, आरोपी नसतो. एका खोलीत टेबलाभोवती बसून विचारपूस होते, मुलाचंही म्हणणं ऐकतात. कोणतं मूल "काळजी व संरक्षणाची गरज असलेलं" आहे हे समिती ठरवते, आणि ज्याचे पालक सांभाळायला असमर्थ किंवा अयोग्य आहेत ते मूल त्या व्याख्येत बसतं. कायद्याचं मूळ तत्त्वच असं आहे की मुलाची पहिली जागा कुटुंबात, आणि बालगृह हा अगदी शेवटचा उपाय. आई सांभाळते आहे, पैशाने आणि मारहाणीने हैराण आहे, एवढंच असेल तर समितीला पोर उचलून नेण्यात रस नसतो. मूल आईजवळच राहावं म्हणूनच बालसंगोपनाचे पैसे आहेत. मूल हलवावं लागलं तरी आधी आजी, मामा, मावशी अशा "योग्य व्यक्ती"कडे देण्याचा विचार होतो.

समिती कधी मूल हलवते तेही आईला सांगा. जबर मारहाण, लैंगिक अत्याचार, लहान मूल तासन्तास एकटं कोंडून ठेवणं, आई-बाप दोघेही शुद्धीत नसणं. अशा वेळी हलवलेलंच बरं असतं.

एका आजीचं सांगते. मुलगा दारूत, सून माहेरी निघून गेलेली, दोन नातू आजीपाशी. आजीचं म्हणणं, "ताई, मुलाचं नाव कागदावर आलं तर तो मला घरातून काढंल. घर त्याच्या नावावर हाय." तिची भीती खरी होती. आम्ही अर्ज नातवांच्या नावाने, आजी सांभाळकर्ती म्हणून केला. मजकुरात मुलावर एकही शब्द आरोपाचा नव्हता. आई सोबत नाही, वडिलांचं उत्पन्न घरात येत नाही, आजी शेळ्या राखून सांभाळते, शाळेत हजेरी इतकी, एवढंच. समितीला तेवढं पुरलं. अर्जात खरं सगळं लिहा, पण अर्ज म्हणजे फिर्याद नव्हे.

कुठल्या दारातून जायचं

बालसंगोपन योजना महाराष्ट्रात पुष्कळ जुनी. आता तिचं नाव क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. कैक वर्षं महिन्याला 425 रुपये मिळायचे, 2021 मध्ये ते 1100 झाले आणि 2023 पासून दर मुलामागे 2250 आहेत. वय अठरा पूर्ण होईपर्यंत.

योजना म्हटलं की लोक म्हणतात, "ती अनाथ पोरांसाठी. आमच्या पोरांचा बाप जिवंत आहे, आम्हाला कशी मिळणार?" इथेच निम्मे अर्ज घरी राहतात. अनाथ आणि एकच पालक असलेली मुलं तर आहेतच. शिवाय पालक तुरुंगात आहेत, पालकांना कुष्ठरोग किंवा एचआयव्ही आहे, आई-बापांत तीव्र बेबनाव आहे, मुलाकडे दुर्लक्ष होतंय, प्रकरण कोर्टात किंवा पोलिसांत गेलंय, अशा कौटुंबिक संकटातली मुलंही योजनेत घेता येतात. दारूच्या घराचं दार हे. म्हणूनच ती वही, ती तक्रारीची प्रत आणि शाळेचं पत्र जपायला सांगितलं. त्यांच्याशिवाय "संकट" कागदावर दिसत नाही.

दुसरं दार केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्य या बाल संरक्षण योजनेतल्या प्रायोजकत्वाचं. इथे महिन्याला 4000 रुपये मिळतात, पण उत्पन्नाची अट कडक: ग्रामीण भागात वर्षाला 72,000, इतरत्र 96,000 पर्यंत. विधवा, घटस्फोटित किंवा टाकलेल्या आईची मुलं, नातेवाइकांकडे राहणारी अनाथ मुलं, जीवघेणा आजार असलेल्या पालकांची मुलं, आणि पैशाने व शरीराने सांभाळायला असमर्थ पालकांची मुलं यात येतात. दारूने लिव्हर गेलेला, खाटेला खिळलेला बाप असेल तर हे दार आधी ठोठावा. एकाच मुलासाठी दोन्हीकडून पैसे धरू नका. कुठली योजना बसते हे जिल्हा बाल संरक्षण कक्षात वही दाखवून विचारा. हा कक्ष जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयाला जोडलेला असतो.

जिल्ह्याला जायला एसटीचं भाडं आणि एका दिवसाची मजुरी जाते, म्हणून आधी गावातच अंगणवाडीताईंना भेटा. प्रत्येक गावात ग्राम बाल संरक्षण समिती असायला हवी. सरपंच तिचे अध्यक्ष, अंगणवाडी सेविका सचिव. पुष्कळ गावांत ती नुसती रजिस्टरात असते. तरी तिच्या ठरावाची किंवा शिफारशीची एक प्रत मिळाली तर अर्जाला वजन येतं. मात्र सरपंच बापाचा मित्र असेल, किंवा गुत्ता त्याच्याच पाहुण्याचा असेल, तर गावातल्या समितीच्या नादी न लागता सरळ जिल्हा गाठा.

कागद एका पिशवीत भरा. मुलाचा जन्मदाखला किंवा शाळेचं बोनाफाईड, मुलाचं आणि सांभाळणाऱ्याचं आधार, रेशनकार्ड, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, पासबुकाची झेरॉक्स, फोटो. घरासमोर मूल आणि सांभाळणारी व्यक्ती एकत्र उभी असलेला फोटोही मागतात, तो मोबाइलवर काढून आणला तरी चालतो. सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते नावातल्या फरकावर. शाळेत "ज्ञानेश्वर", आधारवर "माऊली" असेल तर आधी ते एक करून घ्या. अर्ज दिलात की पोच घ्या, त्यावर शिक्का आणि तारीख बघा. पोच न घेता परत आलेल्या आज्या मी फार बघितल्यात. पुढच्या वेळी त्यांचा अर्जच सापडत नाही.

मग कुणीतरी घरी येतं, कधी आमच्यासारखी संस्थेची बाई, कधी कक्षातला अधिकारी. याला सामाजिक तपासणी म्हणतात. त्या दिवशी घर सारवून, उसनी भांडी मांडून ठेवू नका. आहे तसं दिसू द्या. त्यानंतर समिती तारीख देते, मुलाला घेऊन जावं लागतं. मुलाला आधीच समजावा की हे पोलीस नाहीत, तुला शिक्षा करायला बोलावलेलं नाही. समितीचा लेखी आदेश मिळाला की त्याच्या तीन झेरॉक्स काढून एक शाळेत ठेवा.

पैसे कुणाच्या हातात पडतात

यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण इथे चूक झाली तर पोराच्या पैशाची दारू होते. पैसे थेट बँकेत येतात. मुलाचं खातं काढताना पालक म्हणून आईचं नाव लावता येतं, बापच हवा असं नाही. मॅनेजर अडला तर समितीचा आदेश दाखवा. बाप ज्या शाखेत रोज उभा असतो ती शाखा टाळा. एटीएम कार्ड घेऊच नका, आणि घेतलं असेल तर परत करा. पिन घरात गुपित राहत नाही. खात्याला मोबाइल नंबर आईचा किंवा आजीचा जोडा, आणि तो फोन रात्री बापाच्या उशाशी जात असेल तर मामाचा जोडा. पैसे जमा झाल्याचा मेसेज बापाने वाचला की त्या रात्री काय होतं ते आईला सांगायची गरज नाही.

पैसे दर महिन्याला ठरलेल्या तारखेला येतील असं धरून चालू नका. कधी चार-सहा महिन्यांचे एकदम येतात. एकरकमी पैसा हा अशा घरात धोक्याचाच. त्याच आठवड्यात वह्या, गणवेश, किराणा, राहिलेली फी असा निकाल लावा आणि उरलेले पोस्टात मुलाच्या नावे टाका. पावत्या ठेवा. घरभेटीला आले की आम्ही त्याच बघतो.

रात्रीची तयारी

योजनेचा आदेश यायला महिने लागतात. तोवरच्या रात्री कशा काढायच्या हे आईशी आणि मोठ्या मुलाशी बसून ठरवून ठेवा. गोंधळ सुरू झाला की धाकट्यांना घेऊन कुठल्या घरी जायचं, ते घर आधी विचारून पक्कं करा. एक घर पुरत नाही, दोन ठेवा. शाळेचं दप्तर संध्याकाळीच त्या घरी ठेवायचं, म्हणजे सकाळी शाळा बुडत नाही आणि वह्याही फाटत नाहीत. एक बॅटरी, एक कपड्याचा जोड, आईची कागदांची पिशवी तिथेच. मोठ्या पोराला बजावून सांगा, आईला सोडवायला मध्ये पडायचं नाही. आमच्या भागात दहा-बारा वर्षांची पोरं कुऱ्हाडीच्या दांड्यापुढे उभी राहिलेली आहेत. त्याचं काम फक्त बाहेर पडायचं आणि मोठ्या माणसाला बोलवायचं.

1098 हा नंबर पोराला तोंडपाठ करून घ्या. फोन फुकट लागतो, दिवसरात्र चालतो. मुंबईत 1996 मध्ये सुरू झालेली ही हेल्पलाइन आता सरकारचा महिला व बालविकास विभाग चालवतो. मूलही करू शकतं, शेजारीही करू शकतो. मारहाण चालू असेल तर 112. बाईसाठी 181. संकटातल्या मुलाला ताब्यात घेतल्यापासून 24 तासांच्या आत समितीपुढे न्यावं लागतं, प्रवासाचा वेळ सोडून. म्हणून "सोमवारी बघू" असं कुणी म्हणालं तर हा नियम सांगा. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर वाट बघायची नाही. पोक्सो कायद्यात, 2012 पासून, माहिती असलेल्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळवण्याचं बंधन आहे.

शेजाऱ्यांना एक कळकळीची विनंती. बाप नाल्याकडेला पडलाय, पोरगं शेजारी बसलंय, असा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकू नका. अशा मुलाची ओळख उघड करणं कायद्याने गुन्हा आहे. दुसऱ्या दिवशी ते पोरगं शाळेत तोंड दाखवत नाही. फोन हातात आहेच तर 1098 लावा.

आईला मार पडत असेल तर पोरांचा अर्ज आणि तिचा अर्ज जोडीने चालवा. कौटुंबिक हिंसाचार कायदा 2005 चा. संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज दिला की तो कोर्टात जातो. त्यात मारहाण थांबवण्याचा, घरात राहण्याचा, खर्चाचा आणि मुलांच्या ताब्याचा आदेश एकाच ठिकाणी मागता येतो. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका. बायका आणि मुलांना, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, नंबर 15100.

बापाचं काम

बापाशी बोलायचं ते सकाळी, उतरल्यावर, आणि पोरांसमोर नाही. "तू पोरांचं वाटोळं केलंस" याने कुणाची सुटल्याचं मी पाहिलेलं नाही. वहीतल्या दोन ओळी वाचून दाखवल्याने मात्र काही बाप गप्प झालेले पाहिलेत. "तुझी पोरगी डब्यात खिचडी भरून नेते भावासाठी" हे ऐकून एक जण उठून बाहेर गेला आणि संध्याकाळी स्वतःहून केंद्राचा पत्ता विचारायला आला.

एक गोष्ट जिवाशी आहे म्हणून ठळक सांगते. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाला खोलीत कोंडून एकदम दारू तोडू नका. शेवटची दारू पोटात गेल्यापासून दोन-तीन दिवसांत हातपाय कापणं, फिट येणं, नसलेले किडे-माणसं दिसणं, बरळणं असं होऊ शकतं आणि त्यात माणूस दगावू शकतो. हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवं. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात न्या, तिथे खर्च फार नसतो. जवळचं केंद्र कुठलं ते 14446 या मोफत नंबरवर सांगतात. अंगाऱ्याधुपाऱ्याला किंवा "भाजीतून गुपचूप द्या" म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांना पैसे घालू नका. पुडीत काय आहे हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही, आणि त्यात गेलेले पैसे पोराच्या गणवेशाचे असतात.

पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986 मध्ये डॉ. सुनंदा आणि डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलं. तिथला निवासी उपचार साधारण पाच आठवड्यांचा. तिथे व्यसनी माणसाच्या बायकोलाही बोलावून घेतात, तिच्यासाठी वेगळा गट चालतो. कुठलंही केंद्र निवडताना मी हेच आधी विचारते: घरच्यांसाठी काय करता? उत्तर "काही नाही, आम्ही त्याला ठेवून घेतो" असं आलं तर दुसरं केंद्र बघा. जिथे बांधून ठेवतात किंवा घरच्यांना महिनाभर भेटूच देत नाहीत तिथे पाठवू नका. शहरात असाल तर अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या सभा चालतात, पैसे लागत नाहीत. बायका आणि घरच्यांसाठी अल-अॅनॉन, आणि तेरा-चौदाच्या पुढच्या मुलांसाठी अॅलाटीन. बाप जात नसला तरी आई आणि मुलांनी जावं.

तो केंद्रात असतो ते पाच आठवडे घरासाठी सगळ्यात कठीण. चार दिवस कमवून दोन दिवसांचे का होईना घरी टाकत होता, ते बंद होतात. केंद्राची तारीख ठरली की त्याच दिवशी रेशन, दुकानदाराची उधारी आणि पोरांची जेवणं कुणाकडे, हे मांडून घ्या. नाहीतर तिसऱ्या आठवड्यात आईच त्याला परत आणते, पोरं उपाशी म्हणून.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचं आणखी वेगळं. कारखाना सुरू व्हायच्या आधी मुकादम जोडप्याला उचल देतो. ती बापाच्या हातात पडते आणि दिवाळीआधीच संपते. मग फेडायला दोघांना जावंच लागतं आणि पोरं फडावर जातात. अशा घरात अर्जाची आणि वसतिगृहाची धावपळ जून-जुलैतच करा. जिल्हा परिषदेची हंगामी वसतिगृहं आहेत, ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाची शासकीय वसतिगृहं आहेत. ऑक्टोबरात ट्रॅक्टर दाराशी उभा राहिला की कुणाच्या हातात काही राहत नाही.

आई पीत असेल, किंवा दोघंही, तर गाव बापाला माफ करतं आणि आईला नाही. तिला लपवून ठेवतात, उपचाराला नेतच नाहीत. मुक्तांगणमध्ये बायकांसाठी निशिगंध नावाचा वेगळा विभाग आहे. बाई गरोदर असेल तर आशाताईंना त्याच दिवशी सांगा, पोटातल्या बाळाला दारू थेट पोचते. इथे मुलांसाठी आजीचा किंवा मावशीचा सांभाळ समितीकडून लेखी करून घ्या, तोंडी ठेवू नका. तोंडी ठेवलेला सांभाळ आई पिऊन आली की एका रात्रीत मोडतो.

आणि बाप सुधारला तर? बालसंगोपनाचे पैसे लगेच बंद करा असं कळवायला घाई करू नका. घरभेटीला येणाऱ्याला खरं ते सांगा, कामावर जातोय, केंद्राच्या फॉलोअपला जातोय. पुन्हा प्यायला लागला तर तेही सांगा. पहिल्या वर्षात घसरणं नेहमीचं आहे, त्यात आईची किंवा पोराची काही चूक नसते. दर वर्षी मुदतवाढीसाठी शाळेचा दाखला आणि गुणपत्रक लागतं, ते मे महिन्यातच काढून ठेवा.

सतराव्या वर्षी

अठरा पूर्ण झाले की पैसे थांबतात, बारावीची परीक्षा तोंडावर असली तरी. म्हणून दहावीच्या निकालाबरोबरच पुढचं ठरवा. आयटीआयला जायचं असेल तर प्रवेशाचे अर्ज निकालानंतर लगेच सुरू होतात. कॉलेजला जायचं असेल तर समाजकल्याणची किंवा आदिवासी विकासची वसतिगृहं आणि शिष्यवृत्ती, यांना जातीचा दाखला लागतो, आणि तो काढायला बापाच्या घराण्याचे जुने कागद लागतात. बाप शुद्धीत आहे अशा एखाद्या सकाळी त्याला सोबत घेऊन तहसीलला जा. जातीचा दाखला, डोमिसाईल, नॉन-क्रिमिलेअर लागत असेल तर तेही, एकाच फेरीत. पोराचं स्वतःचं बँक खातं अठराव्या वाढदिवसाच्या आठवड्यात मोठ्यांच्या खात्यात बदलून घ्या, आणि त्यावरचा मोबाइल नंबर आता त्याचा स्वतःचा टाका.